रविवारचा आकडा

सिस्टरांनी मांजरीला स्वयंपाकघरात कोंडलं, बाहेरून कडी घातली आणि स्वतःचं बीपी मोजायला बसल्या. पायावर पाय टाकून. गाऊनच्या बाहीवरूनच पट्टा गुंडाळून. वर तोंडाने दाराआडच्या मांजरीशी बडबड.

"ओरड, ओरड मेले. आज तुझं काम नाही."

चौतीस वर्षं वॉर्डात पेशंटांना त्यांनी याच तीन गोष्टींवरून झापलं होतं. पाय सरळ, बाही वर, तोंड बंद. नाहीतर आकडा फुगतो, हे त्यांच्याहून जास्त कोणाला ठाऊक? पण खोटा आकडा त्यांनी जन्मात लिहिला नव्हता आणि आजही लिहायचा नव्हता. म्हणून तर एवढा खटाटोप.

एकशे बासष्ट. त्यांनी समाधानाने वहीत उतरवून घेतला.

दोन वर्षांपूर्वी बीपी खरोखरच असं चढलं होतं, तेव्हा मुलगा दर रविवारी यायचा. तास-दीड तास बसायचा, नळ गळतोय का बघायचा, उगाच चिडायचा. मग त्याने कुठेसं वाचलं आणि मांजर घेऊन आला.

"आई, हिला मांडीवर घेऊन बसत जा. बीपी उतरतं म्हणे. हृदयालाही चांगलं."

सिस्टरांनी नाक मुरडलं आणि तिचं नाव ठेवलं गोळी. पण गोळी लागू पडली. तिची ती घुरघुर मांडीत सुरू झाली की छातीतली धडधड आपोआप खाली बसायची. महिन्याभरात झोप लागायला लागली, जिन्यावरची धाप गेली, आकडा उतरला. आणि मुलाचा रविवारही सुटला. उरला फोन.

"किती आलं?"

"एकशे चोवीस."

"मस्त. गोळीला थँक्यू सांग."

झालं. चांगलं बरं होऊन सिस्टरांनी स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला होता.

आज मात्र फोनवर तो दचकला. "एकशे बासष्ट? औषध चुकवलंस का?"

"नाही रे."

"मग गोळी आजारी आहे?"

"ती ठणठणीत आहे."

"बरं. शनिवारी येतो मी."

सिस्टरांनी आठवडाभर घर घासलं. दुसरी खुर्ची माळ्यावरून काढून पुसून ठेवली.

शनिवारी तो आला तो हातात टोपली घेऊन. बूटही काढले नाहीत. "गाडी चालूच ठेवलीय खाली." टोपलीतून एक करडं पिल्लू बाहेर आलं. "एकीने एवढा फरक पडला, तर दोघींनी बघ किती पडेल. शिवाय गोळीलाही सोबत."

"गोळीला सोबत लागते, हे बरं कळलं तुला."

त्याला ते लागलं नाही.

"बस जरा. तुझं बीपी बघते."

"माझं कशाला आता?"

"बस म्हणते ना. पाय खाली. बोलायचं नाही."

बाही वर सारून त्यांनी पट्टा बांधला. दंड अगदी बापासारखा झाला होता. हवा भरली आणि मग सोडली ती इतकी हळू, की अर्ध्या मिनिटाच्या कामाला दोन मिनिटं लागली. पट्टा असेपर्यंत पेशंट उठत नसतो.

"एकशे अठ्ठेचाळीस. तूच पाळ की एक मांजर."

"आमच्याकडे कुठलं? बायकोला मांजराचे केस चालत नाहीत. आणि वेळ कोणाला आहे मांजरापाशी बसायला?" बोलता बोलता त्याने पट्टा न सोडवताच हात उपसून घेतला आणि जिना उतरला.

दुसऱ्या दिवशी रविवार. फोन वाजला.

"किती आलं?"

सिस्टरांनी टेबलाकडे पाहिलं. पट्टा कालचा तसाच उभा होता, त्याच्या दंडाएवढा गोल. मोजायचं तर तो सोडवावा लागला असता.

"एकशे चोवीस."

"बघ. म्हटलं नव्हतं मी?"

"हो रे बाबा."

फोन ठेवून त्यांनी वही ओढली आणि आयुष्यात पहिल्यांदा न मोजलेला आकडा लिहिला. गोळी येऊन मांडीत बसली. करडं पिल्लू टेबलावर चढून पट्ट्याच्या गोलात डोकं खुपसत होतं. सिस्टरांनी त्याला अलगद उचलून खाली ठेवलं, पट्टा चेपू नये म्हणून.