स्वतःचं एक पान

"हे कुणाचं आहे?" प्राध्यापिका बाईंनी टेबलावरचे कागद तिच्याकडे सरकवत विचारलं.

"तुमचंच, मॅडम," टेप म्हणाली आणि जराशी लाजली.

टेप हे काही बारशाचं नाव नव्हे. ते धाकट्या भावाने ठेवलं आणि बारशाच्या नावापेक्षा जास्त टिकलं. पुस्तक एकदा आत गेलं की ती म्हणाल तिथून वाजायची, स्वल्पविरामासकट. शाळेत पाहुणे आले की तिला पुढे काढत. शेजारच्या काकू तर स्वतःच्या मुलाचे कान तिच्यादेखत पिळत, त्याला प्रेरणा मिळावी म्हणून. याच जोरावर शिष्यवृत्ती मिळवून ती या परक्या शहरात नगररचना शिकायला आली होती. अजून बॅगसुद्धा पुरती रिकामी झाली नव्हती. 'चांगला रस्ता कशाला म्हणावं?' हा पहिलाच निबंध. तिने बाईंच्याच पुस्तकातलं एक अख्खं प्रकरण लिहून दिलं होतं. आता बाई खूश होणार, यात तिला शंका नव्हती.

"समोर ठेवून उतरवलंत?" बाईंनी विचारलं.

"छे, छे. पाठ आहे मला."

बाईंचा गैरसमज राहू नये म्हणून तिने सुरुवातीपासून म्हणायला घेतलं. दुसऱ्या वाक्याला बाईंनी हात वर केला. टेपला वाटलं, आता पाठीवर थाप पडणार.

"याला आमच्याकडे चोरी म्हणतात," बाई म्हणाल्या.

टेपची कानशिलं तापली. जन्मात तिने कुणाचं खोडरबरसुद्धा विचारल्याशिवाय घेतलं नव्हतं. आणि इथे जिचा माल, तिलाच तो गाजावाजा करून परत द्यायला आली, तर चोर ठरली.

"समितीकडे गेलं तर शिष्यवृत्ती जाईल, घरी जावं लागेल. नवीन आहात म्हणून मी थांबवते. सोमवारी एक पान आणा. विषय हाच. फक्त तुम्हाला काय वाटतं, ते."

"मला?"

"तुम्हाला."

"पण मला वाटून काय उपयोग, मॅडम?"

तिने हे अगदी मनापासून विचारलं होतं. एवढं मोठं पुस्तक लिहिलेलं, पण हा प्रश्न बाईंनी त्यात घेतलेला नव्हता.

रविवारी दिवसभर ती वसतिगृहाच्या खोलीत टेबलाशी बसून होती. 'रस्ता हा' एवढं लिहिलं की पुढचे शब्द न बोलावता यायचे, आणि सगळे ओळखीचे निघायचे. शेवटी ती खाली जाऊन प्रत्यक्ष रस्ताच बघून आली. एक म्हातारे गृहस्थ कुत्र्याला फिरवत होते. रस्ता बरा होता. त्यापलीकडे तिला काही वाटलं नाही. आपल्याला काहीच वाटत नाही, हे तिला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. चोरीच्या आळापेक्षा ती याने जास्त हबकली.

तिने आईला फोन लावला. आई सातवी शिकलेली, पण लेकीचं पाठांतर तिनेच घेतलेलं. एका हातात पुस्तक, दुसऱ्या हातात झारा. शब्द चुकला की झारा थांबायचा.

"चोरी?" आई म्हणाली. "अगं, पण पुस्तक आपण विकत घेतलंय ना?"

"घेतलंय गं."

"मग? पोरीने शब्दन् शब्द पाठ केला, तर डोक्यावर घ्यायचं सोडून चोर म्हणतात? तू उलटून नाही ना बोललीस?"

"नाही. आई, उद्या नाही जमलं तर परत पाठवतील."

तिकडचा भांड्यांचा आवाज थांबला.

"लिहायचंय तरी काय?"

"मत."

"कुणाचं?"

"स्वतःचं."

"अगं बाई," आई म्हणाली. जणू कुणीतरी मूत्रपिंड मागितलं होतं.

"आई, तुला कुठला रस्ता आवडतो?"

"मला?" आई हसली. "थांब हं, बाबांना विचारून सांगते."

फोन ओट्यावर ठेवला गेला. लांबून टीव्ही ऐकू येत होता. मग वडिलांचा आवाज आला, "कुठला म्हणजे? बायपास. गाडी कशी सुसाट जाते." आई परत आली.

"बायपास म्हणतात."

"मी तुला विचारलं, आई."

"तेच सांगतेय ना. बायपास."

"तू कधी गेलीस बायपासला?"

"मी कशाला जाऊ?"

टेपला वाटलं, फोन कट झाला. मग आई हळूच म्हणाली, "ठेवते गं. गॅसवर दूध आहे."

या वेळी गॅसवर दूध नसतं, हेही टेपला पाठ होतं.

मग तिने कागद ओढून लिहिलं, 'माझ्या आईला कुठला रस्ता आवडतो, हे मला माहीत नाही.'

तिने ते वाक्य दोनदा वाचलं. बरोबर आहे की नाही, ते पडताळून बघायला सवयीने हात पुस्तकाकडे गेला. अर्ध्यातून तिने तो मागे घेतला.