सोनूबाईचा भोवरा

सुयोग तावडेकडे अकरा सिंथेसायझर होते आणि गेल्या पंधरा वर्षांत त्याने एकही गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवलं नव्हतं. जाहिरातींचं संगीत तो लॅपटॉपवर उरकायचा. सिंथ त्याच्या अंधेरीच्या एमआयडीसीतल्या गाळ्यात भिंतीला लावलेले असायचे, व्हिडिओत मागे नीट दिसतील असे. दर शनिवारी त्यांच्यापुढे बसून तो यूट्यूबवर जगाला ज्ञान वाटायचा.

आता त्याचा जीव बाराव्यात अडकला होता. सत्तरच्या दशकातला, अ‍ॅनालॉग, मोनोफोनिक. मोनोफोनिक म्हणजे एका वेळी एकच सूर. दोन पट्ट्या दाबल्या तर एक गप्प बसणार. शिवाय मशीन तापलं की सूर आपोआप वर सरकणार. अशी पेटी कुणा भजनीबुवाला विकली असती तर त्याने ती दुकानदाराच्या डोक्यात घातली असती. पण सुयोग आणि त्याचे दोन दोस्त, हर्षद आणि प्रितम, या सरकण्याबद्दल बोलताना डोळे मिटून घ्यायचे. मशीन श्वास घेतं, म्हणायचे. सुयोगच्या बायकोने, अक्षताने, एकदा सहज विचारलं होतं की एकच सूर वाजतो तर बाकीच्या पट्ट्या कशाला दिल्यात. बोरीवलीच्या त्या घरात पुढचे दोन दिवस अबोला होता.

मशीनचा पत्ता त्याला एका जुन्या हळदीच्या व्हिडिओत लागला. वर्सोव्याचा चंदर कोळी मांडवात ते वाजवत होता. अंधेरीतल्या कुठल्याशा रेकॉर्डिंग स्टुडिओने भंगारात काढलेलं ते त्याने उचललं आणि तीस वर्षं कोळीवाड्यातल्या हळदी त्यावर नाचवल्या. चंदर जाऊन सहा वर्षं झाली होती. मशीन त्याच्या बायकोच्या, सोनूबाईच्या माळ्यावर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवलेलं होतं.

सुयोग गेला तेव्हा सोनूबाई बाजारातून नुकतीच परतली होती. मशीन खाली उतरलं आणि सुयोगने प्लॅस्टिक सोडून एकेक नॉब तपासला. सगळं जिथल्या तिथे होतं, फक्त सूर जुळवायच्या नॉबच्या जागी एक कापलेला लाकडी भोवरा बसवला होता. मूळ नॉब कधीच तुटला, तेव्हा चंदरने पोराचा, नंदूचा, भोवरा कापून तिथे ठोकला होता. सुयोग म्हणाला, हे ध्यान मी पहिलं फेकून देईन मावशी, ओरिजिनल नॉब जर्मनीहून मागवतो. सोनूबाईने ते ऐकून घेतलं.

पैशांचं बोलणं तिने काढूच दिलं नाही. नंदूच्या मुलीची हळद पंधरा दिवसांवर आली होती. "मना पैसं नको," ती म्हणाली. "नमितेचे हलदीला हा वाजव. मानसं नाचली तर घेऊन जा. नाय नाचली तर परत माल्यावर."

घरी येऊन सुयोगने तासभर नुसत्या फुशारक्या मारल्या. मशीन येणार, हे त्याने चॅनलवर जाहीरसुद्धा करून टाकलं. मग गाळ्यातला एक सिंथ तसाच एकसुरी लावून रियाजाला बसला आणि त्याची वाट लागली. बोटांना सवय तीन-तीन पट्ट्या एकदम दाबायची. त्यातली सगळ्यात खालची तेवढी वाजायची आणि चाल खड्ड्यात जायची. अशा मशीनवर खालचीच पट्टी का वाजते, यावर त्याचा चाळीस मिनिटांचा व्हिडिओ होता. तरी नेटाने त्याने तीन गाणी बसवली.

हळदीच्या दिवशी चार वाजता पत्र्याखालच्या मांडवात नुसती भट्टी पेटली होती. नमिताचा भाऊ विकी ढोलावर होता. त्याने थर्माकोलचा मासळीचा खोका आणला, त्यात बर्फ, वर छोटा पंखा. मशीनच्या पाठीला गार वारा लागायला हवा, आजोबा असंच करायचे, म्हणाला. सुयोगने हात जोडले. पन्नास वर्षांच्या मशीनजवळ पाणी? मशीनला तापू द्यायचं असतं, त्यातच मजा आहे, असं त्याने विकीला समजावून सांगितलं.

पहिलं गाणं बरं गेलं. दुसऱ्यात मशीन तापलं आणि सूर चढू लागला. म्हाताऱ्या गात होत्या, त्याही बिचाऱ्या सोबत चढत गेल्या; मग एकेकीचा आवाज फाटला आणि त्या गप्प झाल्या. नाचणारे थांबले. हळदीने माखलेली नमिता आजीकडे बघू लागली. सुयोगने माईक ओढून सांगितलं की याला ड्रिफ्ट म्हणतात, हे मशीनचं कॅरॅक्टर आहे.

"दादा, ते बेसूर हाय," विकी म्हणाला.

सोनूबाई उठली. बर्फाचा खोका तिने पायाने मशीनमागे सरकवला, पंखा लावला, स्टूल ओढून सुयोगच्या डाव्या हाताला बसली आणि भोवऱ्यावर हात ठेवला. जुन्या व्हिडिओत ती तशीच बसलेली दिसायची. सुयोगला वाटलं होतं, नवऱ्याच्या पानाचा डबा सांभाळत असेल.

"येक बोट ठेव," ती म्हणाली. "बाकीची उचल."

त्याने वाजवायला घेतलं. सूर तसूभर हलला की तिचा हात हलायचा, किंवा त्याच्याही आधी. ती मशीनकडे बघतही नव्हती, नातीकडे बघत होती. गाणं पुरं झालं, तिसरं लागलं, म्हाताऱ्या पुन्हा गाऊ लागल्या आणि मांडव असा नाचला की पत्रे हादरले. बेचाळीस वर्षांच्या सुयोगच्या डोळ्यांत पाणी आलं. आपल्या बोटाखालून एक अख्खं गाणं सुरात जातंय आणि त्यावर माणसं नाचतायत, एवढ्या साध्या गोष्टीचं त्याला रडू आलं.

अंधार पडायच्या आत सगळं आवरलं. सोनूबाईने शब्द पाळला. मशीन पुसून रिक्षात ठेवायला विकीला सांगितलं. त्याआधी तिने भोवरा पिळून उपसला आणि कनवटीला खोचला.

"मावशी, तो राहू दे ना," सुयोग म्हणाला.

"तुझे कामाचा नाय तो. तूच बोललास."

तीन आठवड्यांनी जर्मनीचा नॉब आला. काळा, चकचकीत, एकदम ओरिजिनल. रविवारी हर्षद आणि प्रितम गाळ्यावर जमले. मशीन नीट तापावं म्हणून हर्षदने एसी बंद करायला लावला. तिघेही घामाने निथळत बसले आणि सुयोगने एक पट्टी दाबून धरली. पाच मिनिटं झाली, सात झाली. काहीतरी वाजव, असं कुणीच म्हणालं नाही. दोघांनी डोळे मिटले होते. हर्षद पुटपुटला, "काय श्वास घेतंय यार."

सुयोगला मात्र आता ऐकू येत होतं. सूर चढला होता. सरळसरळ बेसूर होता, आणि तो कानातून जाईना. त्याचा डावा हात आपोआप नॉबकडे गेला. तो कुठे आणि किती फिरवायचा, हे त्याला माहीत नव्हतं.

प्रितमने त्याचं मनगट धरलं. "हात नको लावू. सगळं कॅरॅक्टर जाईल."

सुयोगने दोघांच्या चेहऱ्यांकडे पाहिलं, मग कोपऱ्यातल्या चालू कॅमेऱ्याकडे.

"तेच ना," तो म्हणाला, आणि त्यानेही डोळे मिटून घेतले.