एक ओरखडा राहून गेला

मी एका सायकलीचा जुना डायनॅमो आहे. मित्रांनो, माझा आकार लहानशा बाटलीएवढा. माझ्या पोटात एक लोहचुंबक आहे आणि त्याच्याभोवती तांब्याच्या तारेचे वेटोळे. डोक्यावरची चकती टायरला टेकली, की चुंबक फिरतो आणि वीज निर्माण होते. ती एका तारेने दिव्यांकडे जाते. परत मात्र सायकलीच्या लोखंडातूनच येते. त्यासाठी माझ्या पकडीत एक टोकदार स्क्रू असतो. तो रंग फोडून लोखंडात रुतला, तरच विजेला परतीची वाट मिळते. ही वाट डोळ्यांना दिसत नाही, म्हणूनच तिचा विसर पडतो.

अकरा वर्षे मी एका परिचारिकेच्या सायकलीवर, पुढच्या चाकाशी उभा होतो. संध्याकाळी पाळी संपवून ती मला टायरवर टेकवी आणि मी गुणगुणू लागे. घरी पोचताना वसाहतीच्या फाटकावरचा पहारेकरी म्हणे, "सिस्टर, तुमचा दिवा वळणापलीकडून ओळखू येतो!" ते ऐकून मला धन्य वाटे.

तिचा नवरा कारखान्यात वीजतंत्री होता. दर रविवारी तो मला तपासत असे. आधी बल्ब, मग तार, मग पकड आणि सर्वांत शेवटी मी. "बिघाड नसतो तिथे हात घालू नये," असे तो लेकीला समजावी.

एका रविवारी त्याने सायकलीला निळा रंग द्यायला घेतला. दिवे जागीच ठेवून त्याने फक्त मला उतरवले. त्याची आई उंबऱ्यात बसली होती.

"सायकलीला एवढं नटवतोस, बायकोला कधी नटवलंस का रे?"

"आई, ती नटलेलीच आहे. सायकल तेवढी मागे पडली होती."

"पुरे हं, सासूबाईंसमोर!" आतून उत्तर आले आणि सगळे हसले.

रंग वाळेपर्यंत त्याने मला तेल दिले आणि टेबलावर फिरवून पाहिले. मी ठीक होतो. बल्ब आणि तार बॅटरीवर तपासली, तीही ठीक. चार दिवसांनी त्याने मला पुन्हा जागेवर बसवले. टोकदार स्क्रू आवळताना मात्र त्याचा हात थबकला. नव्या रंगावर ओरखडा उठला असता. त्याने स्क्रूला अर्धा फेरा कमी दिला. सारे सुटेसुटे तपासले होते, म्हणून जोडल्यावर चाक फिरवून पाहिले नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी धुके उतरले होते. तिने मला टायरवर टेकवले. मी जीव तोडून फिरलो, पण दिवे लागले नाहीत. ती उतरली. तिने बल्ब घट्ट केला, तार हलवली.

"आजच रुसायचं होतं का रे तुला?"

मित्रांनो, मला वाचा असती तर मी एकच शब्द बोललो असतो: स्क्रू. घर जवळच होते. ती तशीच निघाली. मागून येणाऱ्या टेम्पोच्या चालकाला ती दिसली नाही. ती घरी परतली नाही.

महिन्याभराने सायकल घरी आली. मागचे चाक वाकले होते, मागचा दिवा फुटला होता. पुढचा भाग शाबूत होता. शेजारी म्हणाले, "डायनॅमो दगा देतात हो, भंगारात द्या." भर दुपारी अंगणात बसून तिच्या नवऱ्याने तपासायला घेतले. आधी बल्ब, मग तार, मग पकड. स्क्रूचे टोक निळ्या रंगावर नुसते टेकले होते.

त्याने तो अर्धा फेरा आवळला. रंग कुरकुरला. त्याने पुढचे चाक उचलून फिरवले आणि भर उन्हात पुढचा दिवा लागला.

"बाबा, म्हणजे तो बिघडलाच नव्हता?" लेकीने विचारले.

"नाही बाळा. यातलं काहीच बिघडलं नव्हतं."

चाक हळूहळू थांबले. त्याबरोबर दिवाही विझला. त्याने ते पुन्हा फिरवले नाही.

आता मी खिळ्यांच्या डब्यात पडून आहे. मित्रांनो, आपल्या वस्तू जरूर चकचकीत ठेवा. पण जोडणी पूर्ण झाल्यावर चाक एकदा फिरवून पाहा, आणि जिथे ओरखडा उठवणे गरजेचे आहे, तिथे हात आखडू नका. पुढच्या भागाच्या त्या निळ्या रंगावर तेवढा एकच ओरखडा आहे. तो एक दिवसही उशिरा उठायला नको होता. तो तर महिनाभर उशिरा उठला.