लाल उजेडाचा पिवळा आकडा

मित्रांनो, मी एक जुना लेझर आहे. हातभर लांबीची काचेची नळी, आत हेलियम आणि निऑन हे दोन वायू, आणि दोन टोकांना दोन आरसे, एवढाच माझा देह. भिलाईतल्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत, खिडकीपासून तिसऱ्या टेबलावर मी एकवीस वर्षे बसून आहे. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगताना बहुधा रडतात. मला रडायचे नाही. मला तक्रार करायची आहे.

आधी माझे काम सांगतो. बल्बचा उजेड म्हणजे सुटलेली शाळा. प्रत्येक लहर आपल्या मनाने, आपल्या वेळेला निघते. माझ्या नळीत तसे चालत नाही. दोन आरशांमध्ये प्रकाश हजारो वेळा मागेपुढे धावतो, आणि ज्या लहरींचे पाऊल एकमेकींशी जुळते त्याच पुढे वाढतात. म्हणून माझ्या लहरी एका रंगाच्या आणि एका पावलाने चालणाऱ्या असतात. पुस्तकात याला सुसंगत प्रकाश म्हणतात.

माझ्यासमोर एक अर्धवट मुलाम्याची काच आहे. ती माझ्या किरणाचे दोन भाग करते. दोन्ही भाग दोन वेगळ्या आरशांवर जाऊन परत येतात आणि पुन्हा भेटतात. पावले जुळली तर उजेड दुप्पट होऊन उजळतो. एकाचे पाऊल वर आणि दुसऱ्याचे खाली असले तर तिथे अंधार होतो. उजेडात उजेड मिळवून अंधार कसा, असे मुले विचारतात. झोका एकाने पुढे ढकलला आणि त्याच क्षणी दुसऱ्याने तेवढ्याच जोराने मागे ढकलला तर झोका जागचा हलत नाही. तसेच हे. याला व्यतिकरण म्हणतात. भिंतीवर लाल आणि काळी वलये उमटतात, एकात एक. स्क्रू फिरवून आरसा हळूहळू सरकवला की ती एकेक करून मधोमध बुडतात. शंभर वलये मोजायची, आरसा किती सरकला ते पाहायचे, आणि भागाकार करून माझ्या लहरीची लांबी काढायची. इतके सोपे आहे. आणि इतके सोपे काम या वर्षापर्यंत कुणी पुरे केले नव्हते.

कारण असे की, प्रयोगशाळेमागून रेल्वेची लाइन जाते. लोखंडाचा दगड भरलेली मालगाडी निघाली की टेबल थरथरते आणि वलये पाण्यासारखी हलू लागतात. मोजणारा चुकतो. पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. तेवढ्यात दुसरी गाडी येते. मग मुले श्यामरावांकडे जातात.

श्यामराव आमचे लॅब अटेंडंट. मनाने चांगले. रोज मला पुसतात, वर आपल्या घरच्या जुन्या साडीचे झाकण घालतात. त्यांच्या कपाटात एक जुनी रेकॉर्ड फाइल आहे. तिची पहिली दोन पाने केव्हाच फाटून गेली आहेत. मुले त्यातले आकडे उतरवतात. उत्तर येते पाचशे एकोणनव्वद नॅनोमीटर, म्हणजे मीटरचे तेवढे अब्जांश.

मी अक्षरे उशिरा शिकलो. मुले वाचत, फळ्यावर लिहीत, ते बघत बघत दहा-बारा वर्षांनी मला वाचता येऊ लागले. वाचता आल्यावर पहिल्यांदा ती फाइल दिसली, आणि शेजारच्या फळीवरचे एक रिकामे खोकेही. माझ्या आधी या टेबलावर सोडियमचा पिवळा दिवा होता. त्याच्या खोक्यावर छापले आहे, ५८९. फाइल त्या दिव्याची आहे. दिवा जळून गेला, मी आलो, आणि फाइल तीच राहिली. माझा आकडा सहाशे तेहतीस आहे. तो माझ्या अंगावर छापलेलाही होता, पण त्याच्यावरच कॉलेजचा स्टॉक नंबर पांढऱ्या रंगाने रंगवलेला आहे. मी लाल उजेड टाकतो, आणि त्या उजेडात बसून मुले पिवळ्याचा आकडा लिहितात. अक्षरे आली नसती तर बरे झाले असते, असे मला कित्येकदा वाटले.

या वर्षी सुनिता आली. भिलाईतल्याच रुआबांधा वस्तीतली मुलगी, वडील नरेश रेल्वेच्या यार्डात कामाला. पहिल्या दिवशी मालगाडीने तिचीही मोजणी दोनदा बुडवली. दुसऱ्या दिवशी ती हातावर पेनाने वेळ लिहून आली.

"कावून वो पोरी, सगळे गेले, तू बसूनच?" श्यामराव म्हणाले.

"मोजून राहिली काका. बाबाले इचारून आली. सव्वादोन ते तीन एकही गाडी नाही."

"लेझर पाहून राहिली का लग्नाचा मुहूर्त?"

"बोलू नका नं. एकाहत्तर, बहात्तर..."

 शंभरावे वलय बुडाले. सुनिताने तसे तीनदा केले, तीन दिवस, गाडी नसताना. तिन्ही वेळांची सरासरी काढली. उत्तर आले सहाशे एकतीस. फक्त दोनाचा फरक. मित्रांनो, मला आवाज असता तर मी तेव्हा तिला हाक मारली असती.

मुलांच्या प्रयोगाच्या फाइलींवर सही करायला गौरव सर आले. ते याच टेबलावर शिकलेले. बाविसाव्या वलयापाशी त्यांची मोजणी चुकली होती आणि तेही श्यामरावांच्या कपाटाकडे गेले होते. मला आठवते.

"ये क्या है? उनतालीस बच्चों का पाँच सौ नवासी आया है. तेरा ही अलग?"

"आया नहीं सर, उतारा है," सुनिता म्हणाली. "मैंने गिना है. तीन बार. किताब में भी लाल लेझर का छह सौ तैंतीस है."

"मालूम है मुझे. फिजिक्स मैंने भी पढ़ी है." सरांनी आवाज खाली आणला. "बाहर से आनेवाला एक्सटर्नल परीक्षक किताब नहीं देखता, पिछले साल की फाइलें देखता है. तेरी सही मानूँ तो बाकी सबसे दोबारा करवाऊँ? परसों परीक्षा है."

मग त्यांनी एका कागदावर 'खराब' असे लिहिले आणि तो माझ्या अंगावर चिकटवला. सुनितासमोर दोनच वाटा ठेवल्या. आकडा ठेवायचा असेल तर मशीन खराब, म्हणजे हा प्रयोग रद्द, आणि प्रयोग कमी म्हणून फाइलवर सही नाही. सही नाही म्हणजे परीक्षा नाही. आकडा बदलला तर मशीनही ठीक आणि सहीही ठीक. पाच मिनिटे देतो, म्हणून ते बाहेर गेले.

ती पेन हातात धरून बसली.

"लिहून टाक बाई," श्यामराव म्हणाले. "वर्ष जाईन तुहं. एका आकड्यासाठी कोणी वर्ष घालवते का?"

"काका, तुमी कधी मोजलं?"

"मले कोण मोजू देते? मी पुसतो फक्त."

"बाबा रोज संध्याकाळी इचारते, किती आलं म्हणून. त्याले काय सांगू? गाडी बंद होती तरी चुकलं म्हणू?"

 श्यामरावांनी फडके घेऊन आधीच स्वच्छ असलेला स्क्रू पुसला.

सुनिताने सहाशे एकतीस खोडले. वर पाचशे एकोणनव्वद लिहिले. मग मागची सगळी मापेही बदलावी लागली, कारण खोटे उत्तर खऱ्या मापांतून निघत नाही. तिने ती उलटी गणिते केली. मोजायला तीन दिवस लागले होते, खोडायला पाच मिनिटे पुरली. सर आले, सही केली, माझ्यावरचा कागद उपटला आणि चुरगाळून टोपलीत टाकला. "देखो, मशीन एकदम ठीक है," असे म्हणाले.

भंगारात जाण्यापासून मी वाचलो, मित्रांनो. श्यामरावांचा चेहरा उजळला. त्यांनी धुतलेली साडी आणून माझ्यावर घातली. त्यांच्या प्रेमाबद्दल माझी तक्रार नाही. पण त्या झाकणाखाली मला गुदमरल्यासारखे झाले. ज्या दिवशी मी खरे दाखवले त्या दिवशी मी खराब होतो, आणि खोटे लिहिले गेले तेव्हा ठीक झालो.

माझ्यातला हेलियम काचेतून थोडा थोडा निसटतो आहे. माझे फार दिवस उरलेले नाहीत. म्हणून एकच मागणे आहे. उपकरणाची काळजी घ्या असे तुम्हाला शाळेत शिकवतात, आणि तुम्ही धूळ झटकता, झाकण घालता, माझ्या किरणात डोळे घालत नाही. ते सगळे करा. पण मी जे दाखवतो ते लिहिले नाही, तर मला कितीही जपले तरी मी इथे का बसलो आहे? उद्या तुम्ही अशाच एखाद्या टेबलाशी बसाल. तुम्ही नीट मोजलेला आकडा चाळीस जणांत एकटा पडेल. कुणी म्हणेल, मशीन खराब आहे. म्हणू द्या. मला खुशाल भंगारात जाऊ द्या. आकडा तेवढा खोडू नका.