कुंडीतलं हळकुंड

सगळं शहाणपण यवतमाळातच पिकतं, अशी मंदार सरांची पक्की समजूत होती. रोज गाडीनं महागावच्या पुढच्या शाळेत यायचे, पँटीला चिखल लागला की तोंड वाकडं करायचे आणि तांड्यावरच्या पोरांना विज्ञान शिकवून उपकार करायचे.

त्या दिवशी दहावीला वनस्पतींचं अलैंगिक प्रजनन होतं. फूल नको, बी नको, खोडाच्या तुकड्यापासून नवं झाड. सरांनी पिशवीतून हळकुंड काढलं. किराणा दुकानातलं, पिवळंधमक, चकचकीत. "हे जमिनीखालचं खोड. पंधरा दिवसांत कोंब," असं म्हणत कुंडीत पुरलंही.

बबिताला वाटलं, सर मजाक करून राह्यले. दर उन्हाळ्यात ती तिच्या याडीसोबत, म्हणजे आईसोबत, हळद कढईत उकडायची, वाळवायची, मग फिरत्या ढोलात घालून घासायची. तेव्हा कुठं हळकुंड व्हायचं. लावायचं बेणं वेगळं, कच्चं. त्याला कढईजवळही नेत नाहीत. तांड्यावरच्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक होतं.

"सर, हे उकडलेलं हाये. उगवत नाही."

"असं पुस्तकात लिहिलंय का?" सर हसले. "तांड्यावरचं ज्ञान तांड्यावर ठेव. आता कुंडीला पाणी तूच घाल. कोंब आला नाही, तर प्रात्यक्षिकाचे मार्क गेले समज."

घ्या. माणसानं बिनडोक असावं, पण त्याला काही हद्द? अक्कल सरांची गेलेली आणि मार्क जाणार बबिताचे. गणितात तिची आधीच बोंब होती. या वीस मार्कांच्या भरवशावर तिला अकरावीला सायन्स घ्यायचं होतं.

तिनं पंधरा दिवस पाणी घातलं. रविवारीसुद्धा शाळेत चालत गेली.

सोळाव्या दिवशी शिक्षण खात्याच्या शोभा मॅडम तपासणीला आल्या. कुंडी तशीच बोडकी. सर लगेच म्हणाले, "या पोरीनं पाणीच घातलं नाही, मॅडम. इथली पोरं अशीच."

बबिताचं डोकंच सणकलं. तिनं कुंडीत हात खुपसला आणि सडकं हळकुंड काढून टेबलावर ठेवलं. "पाणी रोज घातलं, मॅडम. सरांनी उकडलेलं लावलं. मी सांगतलं होतं."

मॅडमनी ते बोटानं दाबलं, वास घेतला. "मंदार सर, हे तुमच्या घरी वरणात घालतात ना?"

अख्खा वर्ग फिदीफिदी हसला. सर उगाच पुस्तकाची पानं उलटत राहिले. मॅडमनी मार्कांची वही मागवली आणि सरांच्याच हातानं बबितापुढं वीसपैकी वीस लिहून घेतले.

मॅडमची गाडी गेल्यावर सरांना एकदम माया आली. "बबिता बेटा, उद्या घरून थोडं बेणं आणशील?"

"आणतो ना, सर," बबिता हात पुसत म्हणाली, "पण पाणी तुमी घालजा."