तांड्याचा अंगठा

कळंबच्या कचेरीच्या पायऱ्या बादल बापाचा अंगठा मुठीत धरून चढला. गेल्या श्रावणात कपाशीवर फवारणी करताना पोराची नजर गेली, तेव्हापासून हीच रीत पडली होती. प्रत्येक पायरीला बाप, धरमसिंग, "हं" म्हणायचा, आणि बादल पाय उचलायचा.

"बा, मीच बोलन. तू निस्ता उभा राह्य."

फवारणीच्या त्या औषधावर बंदी घालायची की नाही, हे ऐकायला मुंबईहून समिती आली होती. बादलचे डोळे काही परत येणार नव्हते. पण तांड्यातली वीसेक पोरं यंदा पाठीला पंप बांधणार होती. पुढच्या बाकांवर शेतकरी हितरक्षक मंचाची माणसं बसली होती. नावात शेतकरी, पण चिखलात पाय घातलेला एकही नाही. सगळे औषध विकणारे.

बादल थोडंच बोलला, पण खोलीतली कुजबुज थांबली. अध्यक्षबाईंनी चहाचा कप बाजूला सारला.

मग मंचाचा एक माणूस उठला आणि त्याने एक कागद त्यांच्यापुढे ठेवला. बाईंनी तो दोनदा वाचला.

"पण तुमच्या तांड्याने आधीच लिहून दिलंय, बंदी नको म्हणून. बासष्ट घरांच्या वतीने अंगठा आहे."

"खोटं हाय," बादल म्हणाला. "कोनाचा अंगठा?"

धरमसिंगच्या तोंडचं पाणी पळालं. गेल्या ज्येष्ठात मंचाने तांड्यावर हातमोजे फुकट वाटले होते. मिळाल्याची पोच म्हणून कागद पुढे आला. तो तांड्याचा नाईक, प्रमुख; सगळा तांडा बघत होता. नाईकाने चारचौघांत 'यात काय लिहिलंय' असं विचारायचं कसं? नाईकाचा शब्द तो तांड्याचा शब्द, अशा रुबाबात त्याने शाई लावली होती. आज त्या रुबाबाची त्याला शिसारी आली.

"बा, कोनाचा हाय?"

"तुह्या मुठीत हाय, तोच."

धरमसिंग अध्यक्षबाईंकडे वळला.

"फसवून घेतला, बाईसाहेब. मी तो वापस घेतो," धरमसिंग म्हणाला.

"तुमचं म्हणणं लिहून घेते," बाई म्हणाल्या. मंचाच्या माणसाने पिशवीतून पुढच्या गावाचा कागद काढला. पिशवी अजून फुगलेलीच होती.

बाहेर आल्यावर धरमसिंगने सवयीने हात पुढे केला.

"हं," तो पहिल्या पायरीवर म्हणाला.

बादल भिंत चाचपत उतरू लागला होता.