टरफलांवरची वाळू

मी आगीची बादली बोलतेय. रंग लाल, बूड गोल. जमिनीवर ठेवली की लवंडते, म्हणून मला कोणी घरी पळवत नाही. घडवणाऱ्यानं ही अक्कल मुद्दाम लढवलेली.

वैजापुरात बद्रीनाथशेठची टॉकीज होती. तिथं पडद्याजवळच्या दारापाशी मी खुंटीला लटकायचे. पोटात वाळू असायला हवी होती. असायची शेंगांची टरफलं. पब्लिक टाकायचं, पण सगळ्यांत जास्त शेठच टाकायचे.

त्यांच्या पत्नी आवडाबाई बायकांच्या दारावर तिकिटं फाडायच्या. येता-जाता म्हणायच्या, "अवं, हिच्यात वाळू भरा की."

"भरू की. इथं कुठं आग लागायलीय?"

तपासणीचा सांगावा आला की मात्र शेठ जागे व्हायचे. टरफलं उपसायचा कंटाळा, म्हणून त्यांच्यावरच दोन ओंजळी वाळू पसरायचे. साहेब लांबूनच मान डोलवायचे आणि चहाला जायचे. डोळ्यांत धूळ फेकणं म्हणतात ते मी फार जवळून पाहिलंय. मला तर हसू आवरायचं नाही.

अशीच एक तपासणी झाली आणि दुसऱ्याच दिवशी मॅटिनीला पडद्यामागची वायर जळाली. हाणामारीचा सीन चालू होता, त्यामुळे धूर दिसताच पब्लिकनं शिट्ट्या मारल्या. आवडाबाईंनी दारं सताड उघडली.

"पिच्चरमधली नाय, खरीच आग हाय. निघा भाइर समदे."

माणसं सगळी सुखरूप निघाली. जाळ अजून पडद्याच्या एका कोपऱ्यातच होता. शेठ धावत आले. माझ्यात डोकावले, वर वाळू दिसली, आणि मोठ्या भरवशानं त्यांनी मला जाळावर उपडी केली.

टरफलं भुरकन पेटली. त्या दिवशी मला हसू आलं नाही.

संध्याकाळी टॉकीजच्या चार भिंती उरल्या. मी काळीठिक्कर पडले आणि शेठ माझ्याहून जास्त.

आता त्या जागी शेठचं मंगल कार्यालय आहे. मला नवा रंग मिळालाय. रोज सकाळी शेठ माझ्यात कोपरापर्यंत हात खुपसतात. बुडापर्यंत वाळू लागली की मगच चहा घेतात. तुम्हाला कुठं माझ्या बहिणी लटकलेल्या दिसल्या, तर बाबांनो, नुसतं वरून बघू नका.

परवा एका लग्नात शेठ शेंगा खात माझ्यापाशी उभे होते. सवयीनं मूठ माझ्यावर आली. समोर आवडाबाई उभ्या. शेठनं टरफलं मुकाट्यानं सदऱ्याच्या खिशात घातली आणि खिसा वरून थोपटला.